धरण आटलं की उघडणारं म्युझियम

पुण्यात पाहुणा आला की आमचा कार्यक्रम ठरलेला. शनिवारवाडा, केळकर म्युझियम आणि जाताना बाकरवडी. त्यातलं केळकर म्युझियम मला मनापासून आवडतं. दिनकर केळकरांनी (म्हणजे कवी 'अज्ञातवासी') लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या आठवणीसाठी दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे असं काय काय जमवलं आणि १९७५ साली शासनाला देऊनही टाकलं. पण तिथल्या एखाद्या कोरीव दरवाजासमोर उभं राहिलं की मला नेहमी वाटतं, हा ज्या भिंतीत होता त्या भिंतीचं काय झालं असेल?

२०२४ च्या मे महिन्यात ती भिंत शोधायला म्हणून बाइक काढली आणि बारामती-इंदापूर गाठलं.

बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. हे मोठे सावकार. भाऊ थोरल्या बाजीरावांचा मेहुणा. १७४० साली बाजीराव गेल्यावर पेशवेपद आपल्याला मिळावं म्हणून बाबूजींनी चांगलीच खटपट केली होती, पण शाहू महाराजांनी वस्त्रं दिली नानासाहेबांना. पेशवाई हुकली, तरी बारामतीला मोरोपंत (१७२९-१७९४) मिळाले ते याच नाईकांच्या आश्रयामुळे! पुढे वाड्यात वर्षानुवर्षं सरकारी कचेऱ्या होत्या. वापरात राहिला म्हणूनच टिकला असावा, असं आपलं माझं मत.

इंदापूर म्हणजे शिवरायांचे आजोबा मालोजीराजे जिथे लढाईत पडले ते गाव. तिथून पुढे पळसदेव.

पळसनाथाचं जुनं देऊळ उजनीच्या पाण्यात आहे. धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झालं, गाव वर सरकलं, देऊळ तिथेच राहिलं. एरवी फक्त शिखर दिसतं. त्या उन्हाळ्यात मात्र साठा उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेला होता. 'उणे' म्हणजे कसं, की एकूण ११७ टीएमसीतलं निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्यातलं. वरचं संपलं की त्यालाच हात घालायचा.

भेगाळलेल्या गाळात वीरगळ पडले होते. खालच्या पट्टीत लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. नाव नाही, पाटी नाही. मी धडाधड फोटो काढत सुटलो. शेजारी एक आजोबा येऊन उभे राहिले.

"आजोबा, हे दगड वर नेऊन ठेवायला हवेत ना?"

"देव नेला, माणसं नेली. दगडाला कोण विचारतंय? आन् बाळा, तुला हे बघाय मिळालं म्हंजे आमचा ऊस जळाला बघ."

कॅमेरा खाली घेतला. या म्युझियमची वेळ दुष्काळ ठरवतो, आणि तिकीट मी नाही, ते भरतात.

केळकरांच्या दरवाजाला भिंत नाही, तर इथे भिंत असून छप्पर नाही. आता मला वाटतं, निदान वीरगळ तरी वर यावेत, कुठला दगड कुठे होता याची नोंद करून, नव्या गावातल्याच एखाद्या शेडमध्ये. पुण्याला नकोत. म्हणजे ते बघण्यासाठी कुणाचा ऊस जळायला नको.

असो. परतताना ढग दिसत होते. पहिल्यांदाच वाटलं, हे म्युझियम लवकर बंद होवो.