बालसंगोपनार्थ घरभेटी : पूर्वेतिहास व बोध

मूल जन्मास आले की पूर्वी घरी सुईण येई, पाचवीस शेजारणी जमत आणि घरातील वडीलधारी स्त्री बाळबाळंतिणीवर अहोरात्र नजर ठेवी. या देखरेखीत माया होती. तथापि ती नेहमीच शास्त्रशुद्ध नसे आणि अर्भके मोठ्या संख्येने दगावत.

१९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक बालमृत्यू नोंदले गेले. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणास गावी जात व जन्म तेथे होत, म्हणून हा आकडा फुगलेला आहे. तरीही एका खोलीतील बिऱ्हाडांची दैना त्यावरून कळते. त्या काळी नगरपालिकेच्या परिचारिका चाळीचाळींतून फिरत असत. आपली उपनगरे मात्र शहराच्या हद्दीबाहेर होती. अंधेरी व घाटकोपर १९५० साली, बोरिवली व मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत आली.

घरभेटीचे सामर्थ्य पुराव्यानिशी दाखविले ते दूरच्या गडचिरोलीने. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. गावातीलच स्त्रीस शिकवावे. तिने घरी जाऊन नवजात बाळाचे वजन करावे, त्यास ऊब मिळते की नाही ते पाहावे, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यावे, अशी योजना त्यांनी १९९५ पासून ३९ गावांत राबविली. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी सुमारे २६ वर आले. २०११ साली भारत सरकारने ही पद्धती स्वीकारली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे ४२ दिवसांत सहा व घरी जन्मलेल्याकडे सात भेटी, असा क्रम ठरला.

आज आपल्या कुटुंबांतील प्रसूती रुग्णालयात होतात. परंतु घरी परतलेली माता पुष्कळदा बंद दाराआड एकटीच असते. सासू गावी, माहेर दूर. घरभेट ही केवळ गरिबांची सोय, असे सुविद्य माणसेही समजतात. पण बाळ अंगावर पिईनासे होणे, त्याचे अंग गार पडणे, मातेचे मन खचणे, ही संकटे बिऱ्हाडाची ऐपत पाहून येत नाहीत.

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींस विनंती की, महापालिकेची आरोग्यसेविका दारी आल्यास तिला उंबऱ्यावरून परत पाठवू नये. आपल्यातील जाणत्या भगिनींनीही शेजारच्या नव्या मातेची आपुलकीने विचारपूस करावी व धोक्याचे चिन्ह दिसताच तिला डॉक्टरांकडे न्यावे. जुनी माया व नवे शास्त्र एकाच उंबऱ्यातून आत आली, तरच बाळाचे खरे रक्षण होईल.