जर्मन पाणबुडी विरुद्ध 'गोदावरी': दुसऱ्या महायुद्धात अरबी समुद्र आणि हिंदी महासागरातल्या जहाजांची राखण कशी झाली?

१२ ऑगस्ट १९४४ रोजी हिंदी महासागरात सेशेल्स बेटांच्या परिसरात 'यू-१९८' ही जर्मन पाणबुडी बुडाली. आतल्या ६६ जणांपैकी एकही वाचला नाही. तिला बुडवण्याचं श्रेय दोन युद्धनौकांच्या नावावर आहे. एक ब्रिटिश फ्रिगेट 'फिंडहॉर्न' आणि दुसरी 'एचएमआयएस गोदावरी'. एचएमआयएस म्हणजे 'हिज मॅजेस्टीज इंडियन शिप', अर्थात तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीची नौका.

जर्मन पाणबुड्यांचं युद्ध म्हटलं की अटलांटिक महासागर डोळ्यांसमोर येतो. पण हे युद्ध मुंबईच्या दारापर्यंत आलं होतं. नायगाव-वसईच्या किनाऱ्यावरून जो अरबी समुद्र दिसतो, त्याच समुद्रात १९४३ मध्ये जर्मन टॉर्पेडो सुटत होते. या पाणबुड्या इथे कशा आल्या, मालवाहू जहाजांची राखण कशी व्हायची आणि त्यात भारतीय नौकेचा वाटा काय होता, ते पाहूया.

जर्मन पाणबुड्या इतक्या लांब का आल्या?

१९४३ च्या मे महिन्यात अटलांटिकमध्ये जर्मनीने अनेक पाणबुड्या गमावल्या. विमानं, रडार आणि संरक्षक नौका यांच्यापुढे तिथे टिकणं अवघड झालं. जर्मन नौदलप्रमुख कार्ल डोनित्झ यांनी तिथला मुख्य हल्ला तात्पुरता थांबवला आणि जिथे बंदोबस्त विरळ आहे अशा पाण्याकडे लक्ष वळवलं. हिंदी महासागर तसाच होता.

१९४३ च्या उन्हाळ्यात पाणबुड्यांचा एक गट निघाला. त्याचं सांकेतिक नाव होतं 'मॉन्सून'. नाव अगदी चपखल होतं, कारण पावसाळा ओसरला की अरबी समुद्रात हल्ला करायचा, असा बेत होता. वाटेतच बऱ्याच पाणबुड्या बुडाल्या किंवा माघारी फिरल्या. यू-१६८, यू-१८३, यू-१८८, यू-५३२ आणि यू-५३३ या पाच हिंदी महासागरात पोहोचल्या. मलायातलं पेनांग बंदर तेव्हा जपानच्या ताब्यात होतं. तिथे त्यांना तळ मिळाला.

मुंबईजवळ काय घडलं?

२ ऑक्टोबर १९४३ रोजी यू-१६८ ने मुंबईच्या नैर्ऋत्येकडच्या समुद्रात 'हायचिंग' हे ब्रिटिश मालवाहू जहाज बुडवलं. नऊ दिवसांनी, ११ ऑक्टोबरला, यू-५३२ ने मलबार किनाऱ्यालगत 'जलबाला' हे जहाज बुडवलं. 'जलबाला' मुंबईच्या सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीचं होतं. वालचंद हिराचंद यांचं नाव जिच्याशी कायमचं जोडलं गेलं, तीच ही कंपनी.

पाच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, ओमानच्या आखातात एका ब्रिटिश विमानाने यू-५३३ बुडवली. तिच्यातला फक्त एक जण वाचला.

'कॉन्व्हॉय' म्हणजे काय?

कॉन्व्हॉय म्हणजे मालवाहू जहाजांचा ताफा आणि त्याच्याभोवती युद्धनौकांचं कडं. अशा युद्धनौकांना एस्कॉर्ट म्हणतात.

सगळी जहाजं एकत्र नेली तर शत्रूला आयतं सावज मिळेल, असं पहिल्यांदा वाटतं. प्रत्यक्षात गणित उलटं आहे. समुद्र इतका अफाट आहे की ४० जहाजांचा ताफा शोधणं हे एक जहाज शोधण्यापेक्षा फारसं सोपं नसतं. तीच ४० जहाजं सुटी निघाली, तर पाणबुडीला ४० संधी मिळतात. ताफ्यात तिला एकच संधी मिळते आणि तिथे युद्धनौका हजर असतात.

मोठ्या ताफ्यात जहाजं रांगा करून चालायची. ताफ्याची रुंदी जास्त आणि लांबी कमी ठेवली जायची, कारण टॉर्पेडो मारायला पाणबुडीला जहाजाची बाजू समोर हवी असते. बाजूची फळी जितकी आखूड, तितकी लक्ष्यं कमी. वेग मात्र सर्वांत संथ जहाजाचा. रात्री दिवे बंद ठेवून, शेजारच्या जहाजावर आदळू न देता दिवसचे दिवस असं चालत राहणं, हीच मोठी कसोटी होती.

पाण्याखालची पाणबुडी सापडायची कशी?

यासाठी 'ॲस्डिक' हे यंत्र होतं. आज त्याला सोनार म्हणतात. नौकेच्या तळातून पाण्यात ध्वनीची लहर सोडायची आणि प्रतिध्वनीची वाट पाहायची. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. म्हणजे प्रतिध्वनी दोन सेकंदांनी आला, तर समोरची वस्तू साधारण १,५०० मीटरवर आहे.

अडचण अशी की माशांचा थवा किंवा पाण्यातले उष्ण-थंड थरही फसवायचे. उष्ण कटिबंधातल्या समुद्रात हा त्रास जास्त. शिवाय नौका पाणबुडीच्या जवळ गेली की ती यंत्राच्या झोताखाली निसटायची. म्हणजे हल्ल्याच्या नेमक्या क्षणी नौका आंधळी व्हायची.

हल्ला कसा व्हायचा?

मुख्य हत्यार होतं डेप्थ चार्ज. स्फोटकांनी भरलेला हा पिंप नौकेच्या मागच्या टोकावरून पाण्यात सोडला जायचा. किती खोलीवर फुटायचं ते आधीच ठरवलेलं असे आणि पाण्याच्या दाबाने स्फोट होई. पण पिंप खाली जाईपर्यंत पाणबुडीला वळायला वेळ मिळायचा.

त्यावर उपाय म्हणून 'हेजहॉग' आलं. यातून २४ छोटे बॉम्ब नौकेच्या पुढच्या बाजूला फेकले जायचे. त्यामुळे ॲस्डिकवर पाणबुडी दिसत असतानाच मारा करता यायचा. हे बॉम्ब पाणबुडीला लागले तरच फुटायचे. स्फोट झाला नाही, तर नेम चुकला हे लगेच कळायचं.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायला हवी. पाणबुडी बुडवणं हे एस्कॉर्टचं पहिलं काम नव्हतं. पहिलं काम होतं ताफा सुखरूप पोहोचवणं. त्या काळच्या पाणबुड्या पाण्यावर वेगाने, पण पाण्याखाली बॅटरीवर अगदी संथ चालायच्या. त्यामुळे पाणबुडीला काही तास पाण्याखाली दडपून ठेवलं, तरी ताफा पुढे निघून जायचा. ज्या फेरीत काहीच घडलं नाही, ती फेरी यशस्वी.

ताफा असूनही अनर्थ

कडं असलं म्हणजे धोका टळला असं नव्हतं. १२ फेब्रुवारी १९४४ रोजी मोम्बासाहून कोलंबोकडे निघालेल्या ताफ्यातल्या 'खेदिव इस्माईल' या जहाजाला जपानी पाणबुडी आय-२७ चे दोन टॉर्पेडो लागले. जहाज दोनेक मिनिटांत बुडालं. १,२९७ जणांचा मृत्यू झाला.

त्यानंतरचा प्रसंग आणखी कठीण होता. पाणबुडी जिथे लपली होती, तिथेच वर वाचलेले लोक पोहत होते. तिला सोडलं तर ती ताफ्यातल्या दुसऱ्या जहाजांवर हल्ला करू शकली असती. 'पेटार्ड' या विनाशिकेने डेप्थ चार्ज टाकले. पाण्यातल्या काही जणांचा जीव त्या स्फोटांनी गेला. अखेर पाणबुडी वर आली आणि बुडवली गेली.

'गोदावरी'ने काय केलं?

युद्धाच्या सुरुवातीला रॉयल इंडियन नेव्ही अगदी लहान होती. पुढे ब्रिटनमध्ये तिच्यासाठी सहा आधुनिक स्लूप, म्हणजे मध्यम आकाराच्या एस्कॉर्ट नौका, बांधल्या गेल्या. त्यांना नद्यांची नावं मिळाली: सतलज, जमना, नर्मदा, गोदावरी, कावेरी आणि कृष्णा. त्र्यंबकेश्वरला उगम पावणाऱ्या नदीचं नाव असलेली 'गोदावरी' १९४३ मध्ये सेवेत आली.

यू-१९८ ही लांब पल्ल्याची पाणबुडी होती. लांबी ८७ मीटरहून जास्त, सोबत २४ टॉर्पेडो. दोन मोहिमांत तिने ११ जहाजं बुडवली. शेवटची दोन, 'एम्पायर सिटी' आणि 'एम्पायर डे', तिने ६ आणि ७ ऑगस्ट १९४४ रोजी पूर्व आफ्रिकेजवळ बुडवली.

या वेळी फक्त राखण करून भागणार नव्हतं. 'बेगम' आणि 'शाह' या छोट्या विमानवाहू नौका आणि त्यांच्यासोबतच्या एस्कॉर्ट नौका शोधाला लागल्या. १० ऑगस्टला 'शाह'च्या विमानाला पाणबुडी दिसली. दोन दिवसांत नौकांनी तिला गाठलं आणि 'फिंडहॉर्न' व 'गोदावरी'च्या हल्ल्यात ती संपली. सहा महिन्यांपूर्वी, ११ फेब्रुवारीला, बंगालच्या उपसागरात 'जमना'नेही दोन ऑस्ट्रेलियन नौकांसह आरओ-११० ही जपानी पाणबुडी बुडवली होती.

या नौकांवर कोण होतं?

युद्धाआधी रॉयल इंडियन नेव्हीच्या नौसैनिकांची भरती मोठ्या प्रमाणावर रत्नागिरी जिल्हा आणि पंजाबातून व्हायची. त्यात मुस्लिम तरुणांचं प्रमाण मोठं होतं. युद्धात देशभरातून भरती झाली आणि संख्या २५ हजारांच्या पुढे गेली. मालवाहू जहाजांवरही कोकणातले अनेक खलाशी होते. हल्ला झाला की इंजिनघरात काम करणाऱ्यांना वर यायला सर्वांत कमी वेळ मिळायचा.

पगार, जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची वागणूक यावरून नौसैनिकांत असंतोष होता. युद्ध संपल्यावर सहा महिन्यांतच, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी, मुंबईत 'तलवार' या नौदल तळावरून नाविकांचा उठाव सुरू झाला.

'गोदावरी'चं पुढे काय झालं?

१९४७ च्या फाळणीत नौदलाचीही वाटणी झाली. सहा स्लूपपैकी चार भारताला मिळाल्या. 'नर्मदा' आणि 'गोदावरी' पाकिस्तानकडे गेल्या. 'गोदावरी'चं नाव बदलून 'सिंध' झालं आणि १९५९ मध्ये ती मोडीत निघाली.

त्यामुळे यू-१९८ चा पाठलाग दोन्ही देशांच्या आठवणीतून निसटला. भारतासाठी ती नौका पाकिस्तानात गेलेली, पाकिस्तानसाठी ती लढाई फाळणीआधीची.

नाव मात्र परत आलं. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली नवी 'आयएनएस गोदावरी' १९८३ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली आणि २०१५ मध्ये निवृत्त झाली. तिच्याआधी याच नावाच्या एका नौकेने जर्मन पाणबुडी बुडवली होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.