कायदा सुधारला, पण डोस कोण शिकवणार?

कॅन्सरचं दुखणं आटोक्यात आणणारी मॉर्फिनची गोळी काही महागडी नसते. ती ज्या अफूपासून बनते, ती मध्य प्रदेश-राजस्थानातल्या शेतांत सरकारी परवान्याने पिकते, परदेशीही जाते. तरीही आपल्याकडे असंख्य माणसं कण्हत कण्हत गेली. हे असं का, याचा माग काढत मी १९८५पाशी पोचतो.

त्या वर्षी अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आला. हेतू होता नशेचा व्यापार रोखण्याचा. पण परवान्यांची कटकट आणि शिक्षेची धास्ती एवढी, की बहुतेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. १९९७पर्यंत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला.

गोळ्या संपल्या, हे दिसणारं नुकसान. मला न दिसणारं नुकसान जास्त मोठं वाटतं. डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन न हाताळताच घडली. डोस कितीपासून सुरू करायचा, कधी वाढवायचा, बद्धकोष्ठता होऊ नये म्हणून सोबत काय द्यायचं, हे शिकवणारं माणूसच आसपास नव्हतं. २०१४ साली संसदेने कायदा सुधारला, राज्याराज्यांच्या वेगवेगळ्या परवान्यांचा गुंता कमी केला. पण डॉक्टरांच्या मनातली भीती काही दुरुस्ती विधेयकाने जात नाही.

जाणकार होते, पण मोजक्या ठिकाणी. मुंबईचं शांती अवेदना सदन १९८६चं. कालिकतच्या मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करण्याचं काम सुरू केलं. तालुक्याच्या डॉक्टरने दवाखाना बंद ठेवून तिथे महिनोन्महिने शिकायला जायचं कसं?

वाट सापडली ती भलत्याच आजारातून. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांच्याकडे हेपटायटिस सीचे रुग्ण आठ-आठ महिने ताटकळत. २००३मध्ये त्यांनी रुग्णांऐवजी ज्ञानाला प्रवासाला पाठवलं. ठरल्या वेळी व्हिडिओ कॉल, गावोगावचे डॉक्टर आपापली केस मांडणार, रुग्णाचं नाव न सांगता, आणि सगळे मिळून मार्ग काढणार. उपक्रमाचं नाव ‘प्रोजेक्ट एको’. २०११चा अभ्यास सांगतो, की या डॉक्टरांच्या रुग्णांना विद्यापीठातल्या रुग्णांइतकाच गुण आला.

हीच पद्धत पुढे पॅलिएटिव्ह केअरने उचलली. उत्तर आयर्लंडच्या हॉस्पिसने ती वापरली. आपल्याकडे राजगोपाल यांनी तिरुवनंतपुरमला उभारलेली ‘पॅलियम इंडिया’ अशी सत्रं घेते.

यात मला भावते ती केस मांडण्याची रीत. व्याख्यान ऐकून भीती जात नाही. आपल्याच रुग्णाचा डोस चारचौघांसमोर मांडला, अनुभवी माणूस ‘बरोबर आहे, द्या’ म्हणाला, की जाते. स्क्रीनला रुग्णाचा हात धरता येत नाही. पण जो डॉक्टर तो हात धरून बसलाय, त्याला ती एकटं पडू देत नाही.