खावटी : सावकाराची कणगी आणि गावाची कणगी

पैशाशिवाय चालणाऱ्या व्यवहाराची चर्चा निघाली की शेणवा-किन्हवली भागात पहिली आठवते ती सावड. आज सगळे तुझ्या खाचरात लावणीला, उद्या माझ्या. बैलजोडीचा दिवस माणसांच्या दिवसांनी फेडायचा. कागद नाही, पैसा नाही, हिशोब डोक्यात. पण सावड चालते ती दोघांकडं जमीन असेल तर. भूमिहीन कातकऱ्याच्या खाचराला कोण येणार? त्याच्याकडं खाचरच नाही.

दुसरं बलुतं. लोहार, सुतार, न्हावी वर्षभर काम करायचे आणि खळ्यावर भात न्यायचे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त हे सविस्तर लिहून ठेवलंय. त्यात काम जन्मानं ठरायचं आणि वाटा दुसऱ्याच्या मर्जीनं. म्हणूनच १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्यानं जायला १९५८ उजाडलं.

तिसरा व्यवहार खावटीचा. त्याच्यावर जरा थांबू.

आपल्याकडं भात एकदाच येतं. दिवाळीला कणगी भरते, आषाढ-श्रावणात तळ दिसतो. नेमकी तेव्हाच लावणी आणि बेणणी, अंगमेहनत सगळ्यात जास्त. मग सावकाराकडून खाण्यापुरतं भात उचलायचं आणि पीक निघालं की सवाईनं किंवा दिढीनं फेडायचं. मुंबई सरकारनं नेमलेल्या सिमिंग्टन या अधिकाऱ्यानं आदिवासी भागांची पाहणी केली, अहवाल १९३९ साली छापला गेला. पाहणीच्या भागांत आपला शहापूर तालुकाही होता. कर्जात अडकलेली कुटुंबं, हातची गेलेली जमीन, कर्जापोटी राबणारी माणसं हे सगळं त्यात आलंय. व्यवहार धान्याचाच होता, तरी माणूस त्यात पुरता बांधला जायचा.

यातली खरी मेख भावात आहे. हिशोबासाठी आकडे धरू. श्रावणात भात ३० रुपये किलो, दिवाळीत २०. व्यापाऱ्यानं १०० किलो दिलं आणि वहीत ३,००० रुपये लिहिले. एक पैसा व्याज लावलं नाही तरी दिवाळीत ३,००० रुपये फेडायला १५० किलो भात लागतं. म्हणजे दिढी आपोआप झाली! वर सवाई लावली तर १८७ किलोच्या वर जातं. तेच १०० किलो भातातच लिहिलं आणि सवाईनं फेडलं तर १२५ किलो. भाव पडण्याचा फटका कर्जदाराला बसत नाही, आणि वरचं २५ किलो कुणाच्या कणगीत जातं हा प्रश्न उरतो.

धान्य बँकेनं हाच प्रश्न सोडवला. मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यात, कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनं ठाकूर-कातकरी वाड्यांत अशा बँका उभ्या केल्या. सुरुवातीचं भात एकदा मिळवायचं, पावसाळ्यात वाटायचं, सुगीला वाढीसकट परत घ्यायचं. वाढ गावाच्याच कणगीत, म्हणजे पुढल्या वर्षी वाटायला जास्त. केंद्र सरकारनंही १९९६-९७ पासून आदिवासी भागांसाठी ग्राम धान्य बँक योजना आणली.

ही कल्पना आपल्यापुरतीच नाही. जर्मनीत १८४६-४७ च्या दुष्काळी हिवाळ्यात रायफायझन नावाच्या एका ग्रामप्रमुखानं गोरगरिबांना उधारीवर पीठ-पाव मिळावा म्हणून मंडळ काढलं. पुढं त्याच्याच कामातून गावोगावच्या पतसंस्था उभ्या राहिल्या, आणि त्याच धर्तीवर भारतात १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. आपल्या विकास सोसायटीचं मूळ असं पिठाच्या उधारीपर्यंत जातं.

महाराष्ट्रानं १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ काढलं, १९७६ मध्ये आदिवासी आर्थिक परिस्थिती सुधारणा कायदा केला, १९७८ पासून सरकारी खावटी कर्ज सुरू झालं. २०२० मध्ये कर्जाऐवजी कुटुंबाला ४,००० रुपयांचं खावटी अनुदान ठरलं, अर्धं रोख, अर्धं वस्तूंत. मदत झालीच. पण वाटप संपलं की गावाच्या कणगीत काही उरत नाही. त्यामुळं अडल्या घराला पुन्हा वीटभट्टीची उचल दिसते. पैसे आधी घ्यायचे आणि सबंध हंगाम भट्टीवर फेडत बसायचं. खावटीच ती, रोखीतली.

कणगी पुन्हा उभी करायची असेल त्यांनी बियाण्याचं आधी बघावं. कर्जत-३ सारखं सुधारित वाण किंवा आपलं जुनं हळवं-गरवं घरचं राखता येतं, उसनं देता-घेता येतं. सह्याद्रीसारख्या संकरित वाणाचं बी दरवर्षी विकतच आणावं लागतं. त्याचं भात खायच्या कणगीत चालेल, बियाण्याच्या कणगीत नाही. दोन कणग्या वेगळ्या ठेवा. साठवताना भात चांगलं वाळवा, ओलावा १२-१३ टक्क्यांवर नको. मोजायला माप एकच ठेवा, देताना आणि घेतानाही तेच. आणि दुष्काळी वर्षी फेड पुढं ढकलायची की नाही, हे सुगीच्या आधी सगळ्यांसमोर ठरवून घ्या. कणगी मोडते ती बहुतेक याच वादावर.

तुमच्या गावात धान्य बँक होती किंवा आहे का? वाढ किती घेतात, चावी कुणाकडं असते? खाली लिहा.