बैठकीची खोली आणि आजोबांचा ढोल

वरळीच्या बी.डी.डी. चाळीत आमच्या तीन पिढ्या १६० चौरस फुटांच्या एका खोलीत राहिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये पुनर्विकासातील पहिल्या ५५६ कुटुंबांना प्रत्येकी ५०० चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांत आम्हीही होतो. बैठकीची खोली आमच्या वाट्याला प्रथमच आली. ती कशी सजवावी यावरून घरात वाद झाला. वरवर तो सजावटीचा होता. खरे पाहता तो इतिहासाचा होता.

सजावट करणाऱ्या तरुणाने सुचवले, दर्शनी भिंतीवर मोठा ढोल टांगू, वरून पिवळा दिवा सोडू. तुमचा सांस्कृतिक वारसा उठून दिसेल. माझ्या मुलाला कल्पना आवडली. आई मात्र म्हणाली, "ढोल नको. तो गळ्यातून उतरवायला तुझ्या आज्याला अर्धा जन्म लागला."

आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी खालूबाजात ढोल वाजवीत. पालखीपुढे वाजवायचे, वरातीपुढे वाजवायचे आणि जेवणाच्या वेळी अंगणाबाहेर बसायचे. त्यांच्या वाजवण्यावाचून पालखी हलत नसे. त्यांचा हात मात्र पालखीला चालत नसे. हे काम कला म्हणून त्यांच्याकडे आले नव्हते, जात म्हणून आले होते. 'नाही' म्हणण्याचा अधिकार ज्याला नाही, त्याच्या वादनाला वारसा म्हणायचे की वेठ?

१९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी पेटले आणि कोकणातल्या वाड्यांना स्वाभिमानाची भाषा मिळाली. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडले. ती वतने रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. आजोबा तेवढे थांबले नाहीत. १९५६ च्या धर्मांतरानंतर त्यांनी ढोल खाली ठेवला. गावाने वाळीत टाकले, तरी त्यांनी तो पुन्हा उचलला नाही.

मग आम्ही संगीत सोडले काय? मुळीच नाही. सत्यशोधक जलशाने तमाशाचा साचा घेऊन त्यात नवा विचार भरला होता. आंबेडकरी जलशाने तीच वाट पुढे नेली. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी गावोगाव चळवळ पोचवली. पुढे वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) गाण्याला हयात वाहिली. पुस्तक वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत बाबासाहेबांचा विचार गाण्यातून पोचला. हा वारसा कोणी लादलेला नव्हता, आम्ही घडवलेला होता.

माझे वडील गिरणी कामगार. त्यांनी जुनी पेटी विकत घेतली आणि गायन पार्टीत बसू लागले. खोलीत पेटी, ढोलकी आणि चार माणसे मावत. ऐकणारे दाराबाहेर पॅसेजमध्ये बसत. १४ एप्रिल जवळ आला की जिन्यापर्यंत दाटी होई. आमची बैठकीची खोली तीच होती. ती कोणा एका घराची नव्हती.

मुलाचा प्रश्न तरीही रास्त होता. तो म्हणाला, "पणजोबांच्या हातातले कसब तर त्यांचेच होते ना?" होते. वडिलांच्या बोटांतली लय तिथूनच आली होती, हे मी नाकारत नाही. आजोबांनी चाकरी सोडली. तिच्याबरोबर एक कलाही हातची गेली. त्या नुकसानीचा हिशेब आमच्या चळवळीने अजून पुरता मांडलेला नाही.

शेवटी आम्ही ठरवले ते असे. भिंतीवर ढोल नाही. वडिलांची पेटी भाता दुरुस्त करून खिडकीशी ठेवली, कोणालाही वाजवता येईल अशी. शेजारी पुस्तकांचे कपाट आहे. सोफा आणला नाही. त्या जागी सतरंजी अंथरली, पंधरा माणसे बसतील एवढी. मुलाला ढोल शिकायचा असेल तर त्याने जरूर शिकावा. पण तो वाजवण्यासाठी घरात यावा, टांगण्यासाठी नव्हे.

एक अडचण मात्र उरली आहे. उंच इमारतीत सगळी दारे बंद असतात. आता येत्या १४ एप्रिलला आमचे दार उघडे ठेवायचे ठरले आहे.