तिर्यक् बंध आणि बहुवारिक पटले

लांब रेणुशृंखलांना ठिकठिकाणी आडवे जोडणाऱ्या रासायनिक बंधांना तिर्यक् बंध म्हणतात. बहुवारिकाच्या (अनेक लहान रेणू जोडून बनलेल्या संयुगाच्या) पटलात असे बंध वाढविले, की शृंखलांची हालचाल रोखली जाते. पटल पाण्यात कमी फुगते व दाबाखाली कमी दबते. मात्र त्याच कारणाने पार्यताही घटते. खाऱ्या पाण्यापासून गोडे पाणी मिळविणाऱ्या व्यस्त तर्षणाच्या (‘आरओ’च्या) पटलांचा इतिहास बव्हंशी या पेचाचा इतिहास आहे.

सेल्युलोज ॲसिटेटाचे पटल मीठ अडविते, हे फ्लॉरिडा विद्यापीठातील रीड व ब्रेटन यांनी दाखविले (१९५९). पण त्यातून पाणी अत्यल्प झिरपे. लॉस अँजेल्स येथे सिडनी लोएब व मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी १९६० च्या सुमारास त्याच द्रव्याचे, वर पातळ दाट साल व खाली सच्छिद्र थर असलेले पटल तयार केले. प्रवाह सुमारे दसपट झाला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोअलिंगा गावी रोज ५,००० गॅलन (सु. १९ घ. मी.) पाणी देणारे संयंत्र सुरू झाले. तथापि शृंखला सुट्या असल्याने हे पटल दाबाखाली हळूहळू दबत जाई. शिवाय अम्ल, क्षारक व सूक्ष्मजंतू यांपुढे ते टिकत नसे.

खरी कलाटणी जॉन कॅडॉट यांनी दिली. पॉलिसल्फोनाचा सच्छिद्र आधार मेटाफिनिलीन डायअमाइनाच्या जलीय विद्रावात भिजवून त्यावर ट्रायमेसॉइल क्लोराइडाचा कार्बनी विद्राव ओतला, की दोन द्रवांच्या सीमेवर क्षणार्धात पॉलिअमाइड तयार होते. ट्रायमेसॉइल क्लोराइडाला तीन ‘हात’ असल्याने शृंखलांऐवजी जाळे विणले जाते. गंमत अशी, की तयार झालेला थरच पुढील अमाइनाची वाट अडवितो. त्यामुळे त्याची जाडी आपोआप ०·२ मायक्रोमीटरच्या आसपास थांबते. दाट जाळ्यामुळे घटलेली पार्यता या पातळपणाने भरून काढली. या पटलाचे एकस्व १९८१ मध्ये मंजूर झाले.

बंध जितके अधिक तितके पटल चांगले, असे मात्र नाही. ज्या ठिकाणी तिसरा हात मोकळा राहतो, तेथे जलीय विच्छेदनाने कार्बॉक्सिल गट बनतो. हे गट पटलाची पाण्याविषयीची ओढ वाढवितात. अपुऱ्या विणीचा असाही उपयोग होतो.

एक दोष मात्र राहिला. पाण्याचे निर्जंतुकीकरण करणारा क्लोरीन अमाइड गटातील नायट्रोजनाशी संयोग पावतो व कालांतराने पटल मीठ अडवीनासे होते. तिर्यक् बंध या हल्ल्यापुढे पुरे पडत नाहीत. या बाबतीत जुने सेल्युलोज ॲसिटेटच अधिक सोशीक होते. म्हणून क्लोरीनयुक्त पाणी पटलापाशी पोहोचण्यापूर्वी सक्रियित कोळशातून गाळतात किंवा त्यात सोडियम बायसल्फाइट मिसळतात.