न कापणाऱ्या सुरीची गोष्ट

लिंबू चिरून जुनी लोखंडी विळी तशीच ठेवली, तर थोड्याच वेळात पात्यावर काळे डाग पडतात. बाजारातल्या साध्या स्टेनलेस सुरीवर ते पडत नाहीत. आपण हे गृहीत धरतो, पण असे पाते घडायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

लोखंड व क्रोमियम यांच्या मिश्रधातूवर आम्लांचा परिणाम फारसा होत नाही, हे फ्रान्सच्या पिएर बेर्तिए यांना १८२१ सालीच दिसले होते. तो सुऱ्यांसाठी वापरावा, असेही त्यांनी सुचवले. मात्र त्या मिश्रधातूत कार्बन फार असल्याने तो ठिसूळ होता.

पुढे १९१३ साली इंग्लंडमधील शेफिल्ड येथे हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी करण्याचे प्रयोग करीत होते. ऑगस्टमध्ये त्यांनी ओतलेल्या पोलादात सुमारे १२.८ टक्के क्रोमियम व ०.२४ टक्के कार्बन होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यापूर्वी नमुना आम्लाने खोदावा लागतो. हा नमुना आम्लाला दादच देईना. शेफिल्ड हे सुऱ्यांचे गाव. ब्रिअर्लींना लगेच सुरी सुचली.

पण कारागिरांनी बनवलेली पहिली पाती धार धरीनात. ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक’ अशी ब्रिअर्लींची थट्टाही झाली. दोष पोलादाचा नव्हता. साधे पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसला तापवून झटकन थंड केले की कठीण होते. यालाच आपण पाणी देणे म्हणतो. नव्या पोलादाला मात्र १००० अंशांच्या आसपास तापवावे लागे. १९१४ मध्ये अर्नेस्ट स्टुअर्ट या व्यवस्थापकाने चांगली पाती बनवून घेतली, व्हिनेगरमध्ये तपासली आणि ‘स्टेनलेस’ हे नाव दिले.

यातले विज्ञान थोडक्यात असे. क्रोमियम पात्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो, तो गंज रोखतो. कार्बन कठीणपणा देतो, पण क्रोमियमशी संयोग पावून त्याचा काही भाग अडकवून ठेवतो. म्हणून प्रत्येक सुरी ही एक तडजोड असते. रोजच्या वापराच्या अनेक सुऱ्यांत सुमारे अर्धा टक्का कार्बन व १४ ते १५ टक्के क्रोमियम असतो. त्यांची धार महागड्या, जास्त कठीण पात्यांपेक्षा लवकर जाते, पण दगडावर सहज परत येते आणि पाते चटकन तुटत नाही.

तेव्हा घरासाठी सुरी घेताना चकाकीला पैसे मोजू नयेत. पाते धारेजवळ पातळ असावे, मूठ हलू नये. उरलेल्या पैशांत धार लावायचा दगड घ्यावा. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, ती घसरते आणि बोट कापते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. सुरीच्या पात्याला चुंबक चिकटतो, पण स्टेनलेसच्या बऱ्याच ताटवाट्यांना चिकटत नाही. त्यांत निकेल किंवा मँगनीज मिसळून लोखंडाची अंतर्गत रचनाच बदललेली असते. असे पोलाद तापवून थंड केल्याने कठीण होत नाही. मग वाटीच्या पत्र्याची सुरी का बनवत नाहीत, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.